वेलांटी

वाटी स्टीलची. चांदीची नव्हे.
एकोणऐंशी साली वागळे इस्टेटमध्ये
दुसरी पाळी सुटल्यावर टूलरूममध्ये मागे थांबून
बाबांनी तिच्यावर नाव घातलं,
ठिपक्याला ठिपका लावत:
चि. जयवंत.
आईला तेव्हा सातवा लागला होता.

मग हेमांगी झाली.
मग मी.
मग तिसरी. तिचं नाव तृप्ती ठेवलं,
म्हणजे काय ते देवाने समजून घ्यावं.

वाटी मोडीत कुणी घातली नाही.
तिच्यात शर्टांची सुटलेली बटणं राहायची,
दोन हुक, गंजकी सेफ्टी पिन.
बटण शोधता शोधता आम्ही तिघी
न झालेल्या भावाच्या नावावरून बोट फिरवायचो.
खरखरीत होता तो.

तृप्तीला सदतिसाव्या वर्षी मुलगी झाली,
कोपरीच्या दवाखान्यात, पहाटे, दोन किलो सहाशे.
नणंद नाशिकहून आली
मोबाइलमध्ये सत्तेचाळीस नावं घेऊन,
सगळी इतकी मऊ, की तोंडात धरेपर्यंत विरघळत होती.
तृप्ती म्हणाली, नाव आहे.
भांड्यावर घातलेलं.

कुणीतरी टीव्ही बंद केला.

नणंद म्हणाली, शाळेत पोरं काय म्हणतील?
पोरं काय, काहीही म्हणतात.
मला 'पुरे' म्हणायची.
हे आई ऐकत होती, आणि कोथिंबीर निवडत होती,
आणि निवडलेली जुडी
तिने पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतली.

महापालिकेच्या खिडकीवरचा माणूस भला होता.
लिंग स्त्री, नाव जयवंत,
ताई, यातलं एक चुकलंय.
आम्ही म्हटलं, दोन्ही बरोबर आहे.
त्याने पेन उचललं: एक वेलांटी देतो, जयवंती,
तुमचा हेलपाटा वाचेल.

मी त्याच्या पेनाच्या टोकाकडे पाहत राहिले.
वेलांटी, म्हणजे ती दुसरी, दीर्घ,
अक्षराच्या शेजारी उभी राहते
आणि डोक्यावरून पदर घेते.
आमच्या घरी भिंतीवर एक फोटो आहे, तसाच.
बाबा खुर्चीत.

नको, म्हणाली तृप्ती. आहे तसं लिहा.

त्या रात्री बाबांनी खणातून पंच काढला,
हातोडी काढली, चष्मा दोनदा पुसला.
बटणं पेपरवर ओतली. वाटी उताणी धरली दिव्याखाली.
म्हणाले, हे बघ, त-च्या पुढे जागा आहे.
तेव्हाच सोडली होती.
आडनावासाठी?
नाही गं.
मग?
बाबा बराच वेळ बोलले नाहीत.
हात थरथरत होता, पंच वाटीवर टिकटिकत होता,
एकही ठिपका न उठवता.
तृप्तीने तो हातातून काढून घेतला.
राहू दे. जागाच राहू दे.

बारशाला बायका पाळण्याखालून बाळ देताना
गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणाल्या,
मुलींच्या बारशातही म्हणतातच,
तेवढं कुणाला खटकलं नाही.
नणंद वाकली. कुर्र केलं.
कानात काय सांगितलं ते तिलाच ठाऊक,
पण पाठीवर धपाटे बसल्यावर उठली ती हसतच.
पेढे वाटताना तेवढी अडखळली:
आमचा जयवंत आला... आली... घ्या, पेढा घ्या.

उष्टावणाला वाटी घासून काढली, राखेने, चिंचेने.
ठिपक्यांत काळं राहिलं ते राहिलंच.
खिरीचा पहिला चमचा तिने थुंकला,
दुसऱ्याला हनुवटीवर घेतलं,
तिसऱ्याला चमचाच सोडेना.

संध्याकाळी बाबा फोनवर,
त्यांच्या टूलरूममधले कदम,
आता ऐकू कमी येतं त्यांना, म्हणून ओरडून:
जेवली! जयवंत जेवली! आता झोपली!
पलीकडून काहीतरी विचारलं असावं.
बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.
नाही, म्हणाले, बरोबर ऐकलंत.